डॉक्टर स्लीप: कुणाच्या बाजूने बसून बघायचा?

वरणफळ (प्रश्न)

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मी किंगपक्ष, नवरा कुब्रिकपक्ष. लग्नाआधी पत्रिका जुळवल्या, नोकऱ्या विचारल्या, हे तेवढं विचारायचं राहिलं.

माझी बाजू आधी. 'द शायनिंग' ही स्टीफन किंगची १९७७ ची कादंबरी मी कॉलेजात असताना रूमवर वाचली. शेवटची ऐंशी पानं लाइट गेल्यावर मेणबत्तीवर. त्याआधी धारपांवर वाढलेली, त्यामुळे भुताखेतांची सवय होती. पण इथे मला भुतांपेक्षा जॅक टॉरन्स लागला. दारू सोडलेला, मास्तरकी गेलेला, रागाच्या भरात पोराचा हात मोडलेला, आणि तो मोडल्याचा आवाज कानातून न जाणारा बाप. हिवाळाभर बंद असणाऱ्या डोंगरातल्या हॉटेलची राखण करायची, नाटक लिहून संपवायचं, बायको-पोराचा विश्वास परत मिळवायचा, एवढीच त्याची मागणी. हॉटेल त्याला कणाकणाने खातं. शेवटी क्षणभर आतला बाप वर येतो, पोराला म्हणतो पळ, आणि तळघरातला बॉयलर फुटून हॉटेल खाक होतं. मी रडले होते. भयकथा वाचून रडणारी मी रूमवर एकटीच.

मग लग्नानंतर नवऱ्याने त्यावरचा स्टॅन्ली कुब्रिकचा १९८० चा सिनेमा दाखवला. जॅक निकल्सन नोकरीच्या मुलाखतीलाच असा हसतो की मी म्हटलं, हा बिघडणार कसा, बिघडूनच आलाय. त्याची बायको वेंडी बिचारी किंचाळत राहते. बॉयलर फुटतच नाही. बाप झुडपांच्या भुलभुलैयात गोठून मरतो आणि हॉटेल आपलं जसंच्या तसं उभं. किंगलाही हा सिनेमा आवडला नव्हता. मोठी देखणी कॅडिलॅक, पण आत इंजिन नाही, असं तो म्हणाला होता. हे मी नवऱ्याला ऐकवलं तर म्हणे, "म्हणूनच इतकी बिनआवाजाची अंगावर येते."

त्याचं म्हणणं, मी सिनेमा बघितलाच नाही, पुस्तकाशी ताडून बघत बसले. "पोराच्या तिचाकीच्या चाकांचा आवाज ऐकलास? लाकडी फरशीवर खडखड, गालिच्यावर एकदम गप्प, परत खडखड." ऐकला होता. अंगावर काटाही आला होता. पण कबूल कोण करणार.

आता येत्या शनिवारी 'डॉक्टर स्लीप' ठरलाय. लेक आजीकडे जाणार आहे. मला विचारायचंय ते असं: हा पुढचा भाग नेमका कशाचा, कादंबरीचा की सिनेमाचा? दोन वेगवेगळ्या लांबीच्या आवृत्त्या दिसतायत, त्यातली कुठली? आणि लहान मुलाचा एक प्रसंग फार वाईट आहे असं ऐकलंय, ते खरं का? आमचा नऊ वर्षांचा आहे, म्हणून विचारते. शेवट फोडू नका. थोडा फोडलात तरी चालेल, मी पुस्तकाची शेवटची पानं आधी वाचणाऱ्यांतली आहे.

---

रीळबदल

दोघांचाही. दिग्दर्शक माइक फ्लॅनगनची सगळी कसरत तीच आहे.

अडचण बघा. किंगने २०१३ साली पुढची कादंबरी लिहिली ती स्वतःच्या पुस्तकाला धरून. त्यात हॉटेल नाहीच, जळून गेलेलं. राहिलाय तो डोंगरावरचा मोकळा माळ. कुब्रिकच्या सिनेमात हॉटेल शाबूत आहे. कादंबरीत स्वयंपाकी हॅलोरन वाचतो, पुढच्या पुस्तकातही भेटतो. कुब्रिकने त्याला कुऱ्हाडीने संपवला. मग २०१९ च्या सिनेमात काय करायचं? फ्लॅनगनने हॉटेल उभं ठेवलं आणि हॅलोरनला भूत करून आणलं. म्हणजे घटना कुब्रिकच्या, माणसं किंगची.

किंगला त्या हॉटेलात परत जाणं मुळात पसंत नव्हतं. फ्लॅनगनने त्याला एकच प्रसंग सांगितला, हॉटेलच्या बारमधला, आणि तेवढ्यावर होकार आला. पुढे सिनेमा पाहून किंग म्हणाला की कुब्रिकच्या चित्रपटातलं जे जे त्याला खुपत होतं त्याची भरपाई इथे झाली. हे वाक्य नवऱ्याला शनिवारच्या आधी सांगू नका.

हॉटेलचे सेट कुब्रिकच्या वेळच्या नकाशांवरून पुन्हा बांधलेत. तोच गालिचा, तीच २३७ नंबरची खोली. पुस्तकात ती २१७ आहे. किंग १९७४ मध्ये कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्कच्या स्टॅनली हॉटेलात राहिला होता तो खोली नंबर. कुब्रिकने हॉटेलचं बाहेरचं दर्शन ओरेगनच्या टिंबरलाइन लॉजचं घेतलं, आणि त्या लॉजवाल्यांना भीती की सिनेमा बघून २१७ मध्ये कुणी उतरणार नाही. त्यांच्याकडे २३७ नंबरची खोली नव्हतीच, म्हणून तो आकडा. त्यांच्याकडे आता लोक २१७ च मुद्दाम मागून घेतात म्हणे, ते सोडा.

जुन्या पात्रांसाठी जुन्या नटांचे चेहरे संगणकावर तरुण केलेले नाहीत, दुसरे नट घेतलेत. ॲलेक्स एसो वेंडी झाली आहे, आणि जुन्या सिनेमातल्या शेली ड्युव्हलची नक्कल न करता तिचं बोलणं, मान हलवणं पकडते. पहिल्या मिनिटाला खटकतं, तिसऱ्याला विसरायला होतं. मूळ सिनेमात जॅकचा मुलगा, छोटा डॅनी, झालेला डॅनी लॉइड बेसबॉलच्या सामन्यात प्रेक्षकांत बसलेला दिसेल. नवऱ्याशी पैज लावा.

आवृत्ती: थिएटरात आली ती १५२ मिनिटांची, दिग्दर्शकाची १८० मिनिटांची. दुसरीच बघा. ती पुस्तकासारखी प्रकरणांत विभागली आहे, आणि संकलन फ्लॅनगनचं स्वतःचं असल्याने वाढवलेला भाग ठिगळासारखा दिसत नाही. मध्यंतर तुम्हीच ठरवा.

मुलाचा प्रसंग: खरा आहे आणि वाईट आहे. तोच बेसबॉल खेळणारा मुलगा, जेकब ट्रेंब्ले. रक्तापेक्षा त्याचा आवाज त्रास देतो. सामना संपून तो एकटा रस्त्याने घरी निघाला की रिमोट हातात ठेवा. पुढे ढकललात तरी कथा तुटत नाही.

---

कारल्याचीभाजी

वरचं सगळं कौतुक वाचलं. आता माझं ऐका, म्हणजे शनिवारी अपेक्षा जमिनीवर राहतील.

शेवटचा अर्धा तास म्हणजे वस्तुसंग्रहालयाची सहल. इकडे बघा लिफ्टमधलं रक्त, तिकडे जुळ्या बहिणी, ही २३७ मधली बाई, ही दारातली फट. कुब्रिकची जादू अशी होती की तुम्हाला कळतच नव्हतं कुठे काय आहे. त्या हॉटेलचा नकाशा डोक्यात बसत नाही. इथे कॅमेरा तुम्हाला हात धरून फिरवतो. भीती वाटते ती अनोळखी घरात. ओळखीच्या घरात नुसती आठवण येते.

आणि तरी मी हा सिनेमा दोनदा पाहिलाय, कारण हॉटेलच्या आधीचे दीड-दोन तास फार चांगले आहेत. डॅनी मोठा होऊन बापासारखाच दारुडा झालाय (युअन मॅकग्रेगर), फिरत फिरत न्यू हॅम्पशायरच्या एका लहान गावात येऊन थडकतो, आणि मरणाला टेकलेल्या लोकांच्या शुश्रूषागृहात रात्रपाळी धरतो. तिथलं मांजर ज्याच्या पलंगावर जाऊन बसेल तो त्या रात्री जाणार. मांजर गेलं की डॅनी जाऊन त्या माणसाचा हात धरतो. म्हणून त्याला डॉक्टर स्लीप म्हणतात. हे मांजर कवीकल्पना नाही बरं का. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका नर्सिंग होममध्ये ऑस्कर नावाचा बोका असाच माणसं ओळखायचा, २००७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात त्याच्यावर लिहून आलं होतं. किंगने कल्पना तिथून उचलली.

खलनायिका रिबेका फर्ग्युसन, डोक्यावर उंच हॅट. तिची टोळी कॅराव्हॅन घेऊन देशभर फिरते, दिसायला सहलीला निघालेले पेन्शनर. 'शायनिंग', म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं कळण्याची जन्मजात शक्ती, असलेल्या मुलांचा छळ करून त्यांच्यातून निघणारी वाफ ही मंडळी पितात. ती रात्री मनाने उडत अब्रा नावाच्या मुलीच्या डोक्यात शिरते आणि तिथल्या फाइलच्या कपाटात तिचाच हात चिरडतो, तो प्रसंग बघून मी टाळी वाजवली होती. एकटाच घरात.

धंद्याचं म्हणाल तर साडेचार कोटी डॉलर खर्चून जगभरातून सव्वासात कोटींच्या आसपास जमले. म्हणजे थिएटरात पडलाच. दोन्ही पक्षांना खूश करायला गेलं की असंच होतं.

---

वरणफळ

कारलं, तुमचं "ओळखीच्या घरात नुसती आठवण येते" हे मी चोरणार. रीळबदल, त्या बारच्या प्रसंगाबद्दल आणखी सांगा ना. किंगसारखा हट्टी माणूस एका प्रसंगावर कसा विरघळला?

---

फक्तआजचादिवस

नमस्कार. मी इथे वाचतो, लिहीत नाही. बारचं नाव निघालं म्हणून लिहितो. कथा फुटेल, ताई, तुम्ही परवानगी दिली आहे.

इंग्रजी पुस्तकं मी वाचलेली नाहीत. वर्कशॉपात मेकॅनिक होतो, आता निवृत्त. सिनेमा मुलाने दाखवला, खाली अक्षरं लावून. आधी जुना, मग हा. मी दारू सोडून नऊ वर्षं झाली. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला जातो. एका शाळेच्या वर्गात असते, संध्याकाळी. चौथीच्या बाकांवर आम्ही गुडघे वर करून बसतो.

जुन्या सिनेमात बाप बारमध्ये बसून म्हणतो, एका ग्लासासाठी आत्मा देईन. आणि समोर बारवाला उभा राहतो. बाकी लोकांना तिथे भूत दिसतं. मी मुलाला म्हटलं, यात काय भूत, असाच येतो तो. घरात चिडीचूप, खिशात पैसे नाहीत, दुकान बंद, तरी कुठून तरी येतोच.

मुलाने मला पुस्तकातलं सांगितलं. तिथे बापाला रोज बॉयलरची वाफ सोडावी लागते, काटा चढू द्यायचा नाही. तो शेवटी विसरतो. बॉयलर मी हाताळलेत, म्हणून पटकन कळलं. त्या बापाने दारू सोडली होती, पण दातओठ खाऊन सोडली होती. कुणाशी बोलायचा नाही. आमच्यात अशाला कोरडा दारुडा म्हणतात. मी दोनदा तसा होतो, एकदा सात महिने. त्या सात महिन्यांत घरात मी प्यायचो तेव्हापेक्षा जास्त घाबरायचे, असं बायको सांगते.

आता नवा सिनेमा. पोरगा मोठा झालाय, आठ वर्षं प्यायला नाही. मीटिंगमध्ये उभा राहून बापाबद्दल बोलतो तो प्रसंग आहे. वर कुणी त्याचं नाव काढलं नाही म्हणून मुद्दाम लिहितो. कुणीही उगाच रडत नाही, टाळ्या बेतात. आमच्याकडे फरक एवढाच की नंतर चहा आणि पार्ले असतं.

मग शेवटी तो हॉटेलात जातो, बारमध्ये बसतो. समोर बारवाला. चेहरा बापाचा. म्हणतो मी बाप नाही, मी लॉइड, आणि ग्लास पुढे ठेवतो. पोरगा त्याला आईबद्दल सांगतो, ती कशी गेली ते. त्याला ऐकून घ्यायचं नसतं. बायको आणि पोर म्हणजे गळ्यातली धोंड, असं त्याचं बोलणं. आणि ग्लास तिथेच.

आमचे वडील दारूनेच गेले, पंचावन्नाव्या वर्षी. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर भरपूर, खाली एक उतरेना. गुरुजी म्हणाले काही इच्छा राहिली असेल, बोला. बहिणीचं लग्न करतो म्हणालो. नाही. शेताचा वाद मिटवतो म्हणालो. नाही. ऊन चढलं. मग चुलत्याने पिशवीतून क्वार्टर काढली, द्रोणात थोडी ओतून पिंडाजवळ ठेवली, आणि कावळा शिवला. सगळे हसले. मीही हसलो, इतका की डोळ्यांतून पाणी आलं. वर्षानुवर्षं ही गोष्ट मी बसलो की सांगायचो, लोक पुन्हा पुन्हा ऐकायचे.

त्या बाटलीत उरलेली संध्याकाळी मी प्यायलो. ती माझी पहिली नव्हती. पण वडिलांनी दिली असं वाटून प्यायलेली ती पहिली. त्यानंतर प्रत्येक वेळी मनात तेच, त्यांच्यासाठी घेतोय. एकोणीस वर्षं त्यांच्यासाठी घेतली.

म्हणून तो प्रसंग मला असा वाटला. भुतं, कुऱ्हाड, हॅटवाली बाई, ते चांगलंच केलंय. पण बापाचा चेहरा लावून समोर ठेवलेला ग्लास मी सिनेमात पहिल्यांदा पाहिला. तो पीत नाही. एवढं सांगून ठेवतो. म्हणजे तुम्ही शांतपणे बघाल.

---

रीळबदल

मी वर तो प्रसंग तंत्राच्या अंगाने सांगणार होतो. आता राहू दे.

फक्त दोन गोष्टी जोडतो. बापाच्या चेहऱ्याचा तो नट हेन्री थॉमस, 'ई.टी.' मध्ये सायकलच्या टोपलीत पाहुण्याला घेऊन उडणारा मुलगा तोच. आणि किंग स्वतः याच वाटेने गेलाय. 'शायनिंग' लिहिताना आपण आपल्याबद्दलच लिहितोय हे त्याला तेव्हा कळलंही नव्हतं, असं त्याने पुढे लिहून ठेवलंय. दारू त्याने नंतर सोडली. दुसऱ्या कादंबरीच्या अखेरच्या टिपणात तो म्हणतो की डॅनीच्या बापाला दातओठ खाण्याऐवजी तुमच्यासारखी एखादी मीटिंग सापडली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न त्याच्या मनात होता.

---

कारल्याचीभाजी

काका, शेवटच्या अर्ध्या तासाबद्दलचं माझं मत कायम आहे. त्यातून बारची दहा मिनिटं वजा.

---

वरणफळ

पाहिला. १८० मिनिटांचा. मध्यंतरात भजी नाही, मॅगी.

वृत्तांत: सुरुवातीलाच तिचाकी फिरली आणि चाकांचा तो आवाज आला तेव्हा नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "गालिचा बरोबर आहे." त्याचं समाधान तिथेच झालं होतं. डॅनी लॉइडची पैज मी जिंकले, आठवडाभर सकाळचा चहा त्याच्याकडे.

बेसबॉलवाला मुलगा रस्त्याला लागला तसा नवरा उठला आणि भांडी घासायला गेला. रात्री अकराला. मी रिमोट हातात घेऊन बसले होते, पण बोट हललं नाही, थोडं बघितलं गेलं. आतून कढई घासल्याचा आवाज येत होता. तो प्रसंग संपल्यावरही बराच वेळ येत होता. मग आजीला फोन लावून लेक झोपलाय ना विचारलं. आजी म्हणाली, "आता मीही झोपले होते."

कारलं, तुमचं अर्धं पटलं. जुळ्या दिसल्या तेव्हा मला भीती वाटण्याऐवजी "अगं बाई, या पण आल्या" असं झालं. पण ज्याने मला मेणबत्तीवर रडवलं होतं ते तुम्ही कुणी सांगितलं नाहीत, त्याबद्दल आभार. तळघर. बॉयलर! मी इतक्या जोरात ओरडले की नवऱ्याने बशी सोडली. कुब्रिकने १९८० साली जे होऊ दिलं नाही ते यांनी त्याच्याच हॉटेलात घडवून आणलं. १९७७ च्या पुस्तकात बापाच्या वाट्याला आलेलं मरण इथे पोराला दिलं. पुढच्या पुस्तकात डॅनी जगतो म्हणे. मला तो इथे मेला ते जास्त बरोबर वाटलं. आत हॉटेलची भुतं शिरलेली असतानाही त्याने एवढं करून घेतलं. आणि शेवटी ज्वाळांत त्याला आई दिसते, कुशीत तो स्वतः लहान. मी रडले. किंगपक्षाचा विजय झाला म्हणून नव्हे.

नवरा म्हणतो बरोबरी. हॉटेल जळालं हे किंगचं, पण जळताना इतकं सुंदर दिसलं ते कुब्रिकचं.

काका, तुमची कावळ्याची गोष्ट मी त्याला आधी सांगितली नव्हती. बारचा प्रसंग झाल्यावर सांगितली. तो काही बोलला नाही. त्याचेही वडील, म्हणजे माझे सासरे, प्यायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते गेलेले होते, त्यामुळे मला फोटोच माहीत. रात्री उशिरा एवढंच म्हणाला की निकल्सन पहिल्या प्रसंगापासून तसा का हसतो हे त्याला कायम माहीत होतं. घरात बाप सकाळी साधा असला तरी आम्हाला तो रात्रीचाच दिसायचा, म्हणाला. बारा वर्षं भांडतोय आम्ही या सिनेमावरून.

तुम्हाला एक विचारू का? तो प्रसंग चालू असताना मुलगा शेजारीच होता ना? काही बोलला?

---

फक्तआजचादिवस

ताई, उत्तराला उशीर झाला. काल मीटिंग होती.

मुलगा शेजारीच होता. ग्लास पुढे आला तसा त्याने रिमोट उचलून सिनेमा थांबवला. माझ्याकडे बघेना. म्हणाला, चहा टाकू का? मी म्हटलं टाक. त्याने टाकला, साखर जास्त झाली, दोघांनी प्यायला. मग मी म्हटलं लाव पुढे, मला माहिती आहे तो काय करतो ते. म्हणाला, कसं काय माहिती? मी काही बोललो नाही. त्याने लावला.